पर्याय झाकून

मी मराठीची बाई. बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही, आणि तरीही निवृत्त झाल्यापासून मी पेणला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासमध्ये शिकवायला जाते. आठवड्यातून तीन दिवस रोह्याहून सकाळची गाडी धरायची, नागोठणं, कासू करत पेणला उतरायचं, आणि गुडघ्यांना समजावत स्टेशनचा जिना पार करायचा. जिन्याच्या मध्यावर मी दर वेळी ठरवते की हे शेवटचं वर्ष. असं ठरवत चार वर्षं गेली.

क्लासचा मालक रोह्याच्या शाळेतला माझाच विद्यार्थी. तोच तिथे जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे मीही त्याला सर म्हणते. हा एका दिवाळीत मिठाईचा डबा घेऊन घरी आला. म्हणाला, पेपर बदललाय. पूर्वी सरळ विचारायचे, अमुक ग्रंथी कुठे असते, तमुक रस काय करतो. आता परिच्छेद देतात, तक्ता देतात, दोन विधानं देऊन त्यांचा संबंध विचारतात. मुलांना सगळं येतं आणि तरी चुकतं, कारण प्रश्न वाचायच्या आधीच त्यांचं उत्तर तयार असतं. विषयाचं मी बघतो, तुम्ही त्यांना फक्त वाचायला शिकवा. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर मराठी शिकवून शेवटी आपल्या विषयाची कुणाला तरी गरज पडली, या कल्पनेनं मी हुरळले, आणि हुरळलेल्या माणसाला मिठाईही गोड लागते.

माझा तास जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या मधे कोंबलेला. या तासाला किती मार्क आहेत, असं मला पहिल्याच दिवशी विचारलं गेलं. त्यानंतर मुलं माझ्या तासाला डबे खायची, मांडीवर रसायनशास्त्र घेऊन बसायची. मी पुढे उभी राहून परिच्छेद वाचायची. कधीकधी मला वाटायचं, या खोलीत वाचणारी मी एकटीच आहे.

डबा न खाणारी एक मुलगी होती. पेणजवळच्या जोह्याची. तिच्या वडिलांचा गणपतींचा कारखाना, आणि ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसत होती. पहिल्या वेळी सरकारी जागेपासून बरीच लांब राहिली होती. जीवशास्त्राचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं, म्हणजे पान क्रमांकासकट. सर तिला वर्गात उभी करून आकृतीखालच्या बारीक अक्षरातल्या ओळी विचारायचे आणि ती म्हणून दाखवायची. आणि माझ्या तासाला सगळ्यात जास्त चुका तिच्याच असायच्या.

हे मला समजेना. मग मी सरांकडून मुद्दाम एक परिच्छेद लिहून घेतला. मुलांना पाठ असलेला प्रयोग. कुंडीतल्या झाडाचं एक पान, त्याचा अर्धा भाग बाटलीत, बाटलीत कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं द्रावण. झाड उन्हात ठेवायचं, मग पान तोडून आयोडीन टाकायचं. बाटलीबाहेरचा भाग निळा होतो, आतला होत नाही. शाळेपासून सगळ्यांना माहीत. पण हा प्रयोग करायचा तर झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवावं लागतं, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. सरांनी परिच्छेदाच्या पोटात एक साधं वाक्य घातलं होतं, की कुंडी सकाळपासून अंगणातच होती आणि बाटली लावल्यावर थोड्याच वेळात पान तोडलं. म्हणजे दोन्ही भाग निळे होणार. यात शास्त्र काही अवघड नाही, मलासुद्धा समजलं. वर्गातल्या निम्म्या मुलांचं बरोबर आलं. जोह्याच्या मुलीनं सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवलं आणि तिचं चुकलं. कागद परत दिला तेव्हा तिनं ते वाक्य तीनदा वाचलं आणि मला म्हणाली, "बाई, हे इथं होतं?"

मला तिचा राग आला, हे मी लपवत नाही. इतकं येणाऱ्या मुलीनं इतकं साधं चुकवावं. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, जरा जास्तच. ती रडली नाही. कागदाची घडी घालून तिनं ती पुस्तकात ठेवली.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांनी मला निरोप पाठवला, एकदा घरी येऊन जा. पेणहून एसटीनं गेले. जोह्यात गणपतीचं काम बारमाही, त्यामुळे घर आणि कारखाना यांत फरक करणं कठीण. ओटीवर, पडवीत, मागे प्लास्टिक ताणलेल्या मांडवात फळ्यांवर ओळीनं गणपती, काही अजून पांढरे, काहींच्या अंगाला रंग लागलेला. सगळ्यावर पांढरी भुकटी, चहाच्या कपाच्या कानावरसुद्धा. वडील माझ्यासमोर स्टुलावर बसले, रंगाचे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. फिरवून बोलणारा माणूस नव्हे. "बाई, खरं सांगा, व्हईल का तिचं?"

त्यांनी सांगितलं ते असं. घरात डोळ्यांची आखणी मुलगीच करायची, आठवीत असल्यापासून. तिच्यासारखा हात गावात दोघा-तिघांचाच. दोन हंगाम तिला अभ्यासाला सोडलं आणि आखणीला बाहेरून माणूस आणला. तो चांगला, पण गिऱ्हाइकं डोळे बघतात आणि विचारतात, या वर्षी पोरीनं काढले नाहीत काय? तिसऱ्या हंगामाला तिला सोडता यायचं नाही. या वर्षी झालं तर झालं, नाही तर तिनं कॉलेज करता करता कारखाना बघायचा. हे सगळं ते तिच्यादेखतच बोलत होते आणि ती मान खाली घालून ऐकत होती. मला म्हणायला हवं होतं, नक्की होईल. मी म्हणाले, प्रयत्न चाललेत. हे वाक्य मला शिक्षकी पेशानं दिलंय, ते कुठेही चालतं.

चहा होईपर्यंत तिला एका ओळीची आखणी करायची होती, माणूस आला नव्हता. मी बघत बसले, आणि बघताना माझ्या डोक्यात एक सुंदर विचार आला. मुलगी एकेका मूर्तीच्या चेहऱ्याकडे निरखून बघत असेल, मगच डोळे काढत असेल. प्रश्नही तसाच बघायचा, असं मी तिला सांगणार होते. भाषाशिक्षकांना असले विचार फार येतात.

पण ती बघतच नव्हती. तिनं ओळीतल्या पहिल्या गणपतीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ ओढली, मग दुसऱ्याच्या डाव्या डोळ्याची वरची, मग तिसऱ्याची, अशी ओळ संपेपर्यंत. मग परत येऊन सगळ्यांच्या उजव्या. मग खालच्या. हात आपोआप चालला होता आणि ती तोंडानं वडिलांशी बोलत होती. मी विचारलं, चेहरा नाही का बघत? ती म्हणाली, साचा एकच, बाई. एकेकाकडे बघत बसलं तर श्रावणापर्यंत एक फळी नाय व्हायची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही मुलगी पेपर कसा सोडवते. ओळखीचा साचा दिसला की हात चालतो. आठवीपासूनचा तो हात, आणि मी वर्गात त्यावर ओरडत होते.

मी विचारलं, मग एखादा वेगळा असला तर? वडील हसले. एकदा झालं होतं तसं. एका मंडळाला नजर खाली असलेली मूर्ती हवी होती, साच्यात पापण्याही तशा होत्या. ती मूर्ती बाकीच्यांच्या ओळीतच उभी होती. पोरीनं सगळ्यांना समोर बघणारे डोळे काढले, मग त्या एकीचे खरवडून परत काढावे लागले. तेव्हापासून त्यांच्या कारखान्यात नियम आहे, की वेगळ्या ऑर्डरची मूर्ती फळीवर पाठमोरी ठेवायची. रंग लावणाऱ्याला आपला हात थांबवून ती फिरवावी लागते, आणि फिरवली की बघावीच लागते. त्यांनी कोपऱ्यातली एक दाखवली. भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गात शिक्षा झाल्यासारखी.

परतीच्या एसटीत मी माझा सुंदर विचार टाकून दिला आणि त्यांचा नियम उचलला. पुढच्या तासाला मी मुलीला सांगितलं, प्रश्न पाठमोरा करायचा. म्हणजे चारही पर्याय डाव्या तळहातानं झाकायचे. प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा, काय विचारलंय ते मनात आपल्या शब्दांत म्हणायचं, आणि मगच हात काढायचा. पर्याय दिसलेच नाहीत तर हात चालणार कुठे? तिला ते पटकन समजलं, कारण ते तिच्या घरचंच होतं. दोन आठवड्यांत माझ्या तासातल्या तिच्या चुका जवळजवळ थांबल्या. मी खूश. सरांना अभिमानानं सांगितलं.

मार्चमधल्या रविवारच्या सराव परीक्षेत तिनं पेपर अर्धवट सोडला.

सर माझ्यावर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. ती प्रत्येक प्रश्न झाकत होती. पेशीतला अमुक भाग कोणता, एवढ्याशा प्रश्नालाही तळहात ठेवून, मनात म्हणून, मग उघडून. तीन तासांत ते पुरायचं नाही. सर म्हणाले, बाई, निम्मा पेपर आजही पाठांतराचा आहे, तिथे तिला धावू द्या, नाही तर जे येतं तेही जाईल. मी म्हणाले, धावायला लावलं की ती सगळीकडेच धावते. आम्ही दोघं स्टाफरूममध्ये, म्हणजे झेरॉक्स मशीनच्या खोलीत, बराच वेळ भांडलो. त्याला दहावीत मी निबंधासाठी जेवढं बोलले होते त्याची त्यानं त्या दिवशी परतफेड केली.

भांडण मुलीनंच मिटवलं. ती दारात उभी होती. म्हणाली, आमच्याकडे सगळ्याच मूर्ती पाठमोऱ्या नाय ठेवत.

मग सर आणि मी जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलो. कोणते प्रश्न साच्यातले, कोणते वेगळ्या ऑर्डरचे, ते वेगळे करायला. त्यांना विषय कळायचा, मला वाक्यं कळायची. दोन ओळींपेक्षा लांब असेल तर झाकायचं. ‘चुकीचे’, ‘अयोग्य’, ‘वगळता’ असं काही असेल तर झाकायचं. दोन विधानं असतील तर झाकायचं, आणि प्रयोग असेल तर कितीही ओळखीचा वाटला तरी झाकायचं. बाकी सगळीकडे हात सोडायचा. एप्रिलभर तिनं हेच केलं. मी दर वेळी तिच्या डाव्या हाताकडे बघायची. तो कुठे खाली यायचा आणि कुठे नाही, यावरून मला तिचा पेपर कळायचा. उन्हाळ्यानं माझे पाय सुजले होते. तरी मी एकही दिवस चुकवला नाही, आणि या एका गोष्टीचा मला अजूनही अभिमान वाटतो.

परीक्षा झाली. निकालात तिचे मार्क मागच्या वर्षीपेक्षा खूप वर गेले. एमबीबीएसची सरकारी जागा मिळेल की नाही याच्या बरोबर काठावर येऊन थांबले. पास-नापास कळलं असतं तर बरं, असा तो काठ. मग प्रवेशाच्या फेऱ्यांवर फेऱ्या, याद्यांवर याद्या. तोवर ती कारखान्यात बसली, वडिलांचा शब्द होता. माझ्या घरच्या गणपतीचे डोळे त्या वर्षी तिनंच काढले. मी विचारलं नाही आणि तीही यादीबद्दल काही बोलली नाही.

नवरात्राच्या सुमाराला एका संध्याकाळी तिचा मेसेज आला. मी नुकतीच पेणहून आले होते, गाडी तासभर खोळंबली होती, पाय बादलीत टाकून बसले होते. चष्मा लावून मी वाचलं. "बाई, शेवटच्या फेरीलाही एमबीबीएस नाही लागलं. दाताचंही नाही. तुम्ही एवढी मेहनत घेतली, मला फार वाईट वाटतं." खाली निळ्या अक्षरांत ‘पुढे वाचा’ असं होतं.

मी पुढे वाचलं नाही. असे मेसेज मला दर वर्षी येतात. पुढे काय असतं ते मला पाठ आहे. सॉरी असतं, घरच्यांचं असतं, देवाचं असतं, आणि शेवटी आशीर्वाद मागितलेला असतो. मला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त थकल्यासारखं झालं. दोन ओळींचं उत्तर तिला देऊ नये, रविवारी सवडीनं चांगलं लिहू, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला. काय लिहायचं तेही ठरलं होतं. इतकं जवळ आली आहेस, अजून एक वर्ष बस, वडिलांशी मी बोलते. अजून एक वर्ष, हे मी मुलांना सहज सांगते. माझी वर्षं आता एकसारखीच जातात, त्यामुळे असेल.

रविवारी उत्तर लिहायला घेतलं तेव्हा आधी तिचा मेसेज पूर्ण उघडला. पुढे लिहिलं होतं की आयुर्वेदाच्या यादीत तिचं नाव लागलं आहे. कॉलेज लांब, मराठवाड्यात. परवा पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन तिथे हजर व्हायचं, नाही तर जागा जाते. सर म्हणतात सोडून दे, एक वर्ष अजून दिलंस तर एमबीबीएस नक्की. वडील म्हणतात, सरांचं राहू दे, बाईंना विचार, त्या म्हणतील तसं करू, त्या म्हणाल्या तर आणखी एक हंगाम सोडतो. शेवटी होतं, "बाई, काय करू? उद्या सकाळपर्यंत कळवाल का?"

मेसेज येऊन चार दिवस झाले होते.

 मी लगेच फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागे मुलींचा गलका होता. ती म्हणाली, बाई, मी कॉलेजात हाय, ॲडमिशन झालं, बाबा काल परत गेले. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच लाजही वाटली. मी म्हणाले, तुझा मेसेज मी आत्ता वाचला.

 ती म्हणाली, "पुढचं उघडलंच नव्हतं ना, बाई?"

मी म्हणाले, नाही. मला वाटलं, मला माहीत आहे आत काय आहे.

ती हसली नाही. व्हय, माझं पण तसंच व्हायचं, एवढंच म्हणाली. मी विचारलं, मग ठरवलं कुणी? तिनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत तिनं माझी वाट बघितली. सरांचा पर्याय समोर होता, वडिलांनी निर्णय माझ्यावर टाकलेला. मग तिनं सगळे पर्याय झाकले आणि नुसता प्रश्न वाचला, की मला काय पायजे. मला परत क्लासात बसायचं नाय, एवढं पहिलं कळलं. दुसरं कळलं, की पेशंट बघायचेत, कुठल्या पदवीनं ते नंतर. मग हात काढला. दुपारच्या गाडीनं ती आणि वडील निघाले.

मी तिला शाबास म्हणाले. मी माफी मागितली. आयुष्यात मी विद्यार्थ्यांची फारशी माफी मागितलेली नाही, त्यामुळे ती जमलीही नाही. ती म्हणाली, राहू द्या. मग तिनं विचारलं, त्या दिवशी वाचलं असतंत तर काय सांगितलं असतंत?

खोटं बोलता आलं असतं. पण हात आणि पर्याय यांचं इतकं झाल्यावर तिच्याशी खोटं बोलवेना. मी म्हणाले, अजून एक वर्ष बस म्हटलं असतं.

"आणि मी बसले असते," ती म्हणाली. मग अगदी समजुतीच्या सुरात, जणू मीच तिची कुणी लहान आहे, म्हणाली, "बरं झालं, बाई, तुम्ही वाचलं नाय."